कार्मेलीनबायचं हसू

माझ्या हातून डिचोली तालुक्यातल्या दोन पिढ्यांचे देवीचे व्रण बरे झाले आहेत. मी डॉक्टर नव्हतो. डिचोलीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता, आणि माझ्याकडे सुईसारखं टोक काढलेली एक पेन्सिल होती.

आता मोबाइलवर बोट फिरवलं की चेहरा गुळगुळीत होतो, त्यामुळे हे समजावून सांगायला हवं. निगेटिव्हवर काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं. गालावरच्या खड्ड्यात सावली असते. ती सावली निगेटिव्हवर काचेसारखी पारदर्शक उमटते. तिथे पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके भरले की फोटो छापताना तेवढी जागा उजळते आणि खड्डा बुजतो. ह्याला आम्ही टचिंग म्हणायचो. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून करायचं काम. मी ते फार चांगलं करायचो, हे आता ह्या वयात सांगायला हरकत नसावी.

जवळच्या पाळी गावातल्या खाणीवरचे कामगार ओळखपत्राच्या फोटोसाठी यायचे. बहुतेक बेळगाव, कोल्हापूरकडचे. स्टुडिओच्या मागच्या नळावर तोंड धुऊन बसायचे, तरी कानामागे खाणीची तांबडी माती राहायचीच. ओळखपत्र झालं की गावाकडे आईला पाठवायला आणखी एक फोटो काढायचे, माझा कोट घालून. त्या एका कोटात मी निदान तीनशे माणसं बघितली असतील. तो कुणालाच नीट बसत नव्हता.

माझ्या गावचे, पेडण्यातल्या कोरगावचे एक काजू बागायतदार होते. त्यांची बायको वारली. तिचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात, मान खाली घातलेला. तो मोठा करून माझ्या शेजारी बसव, म्हणाले. बसवला. मग म्हणाले, "हिचे डोळे वर कर. माझ्यासमोर ही अशी मान घालून कधी उभी राहिली नाही." मी आठवडाभर खपून ब्रशने डोळे रंगवले. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "आता ही कोण तरी दुसरी झाली." मान खाली घातलेलाच फोटो घेऊन गेले. त्यातून मी शहाणं व्हायला हवं होतं, पण धंदा जोरात असला की माणूस शहाणा होत नाही.

मला सांगायचं आहे ते कार्मेलीनबायबद्दल.

मयेला एका ख्रिस्ती वाड्यावर, म्हणजे वस्तीत, ती राहायची. नवरा कधीच गेलेला. घराभोवती मिरची, तांबडी भाजी, मुळे लावायची आणि पाटी डोक्यावर घेऊन डिचोलीच्या बाजारात विकायची. तिला दोन मुलं. थोरला मिंगेल, तो आखाती देशात नोकरीला. धाकटी लुर्दीन. लुर्दीनच्या काळजाची झडप लहानपणीच्या तापात खराब झाली होती. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. तिच्या ऑपरेशनसाठी म्हणून मिंगेल तिकडे गेला होता. मुंबईच्या इस्पितळात द्यायच्या कागदांना फोटो हवा, म्हणून आई तिला माझ्याकडे घेऊन आली होती. पोर वीस वर्षांची, दिसायची पंधराची. फोटो काढताना मी म्हटलं, "बाय, हास मात्सो." म्हणजे थोडी हस. ती म्हणाली, "हासलें जाल्यार दम लागता." मग तशीच बसली, गंभीर. हसलं की दम लागतो असं सांगणारं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधीच ती गेली.

गोवा घटकराज्य व्हायला तेव्हा काही महिने बाकी होते आणि राजभाषा मराठी की कोकणी हा वाद पेटला होता. मी मराठीवाला, मोर्च्यात जाऊन आलेला. कार्मेलीनबायचा वाडा कोकणीवाला. घरी आम्ही सगळे कोकणीच बोलत होतो, हा भाग वेगळा. बस बंद, दुकानं अर्धी उघडी. अशात सकाळी लुर्दीनचा मामा इनास सायकल मारत स्टुडिओत आला. म्हणाला, "तार केली, पण मिंगेलला रजा मिळून तो इथं पोचणार कधी? आणि पोचला तरी रस्ते कुठं उघडे आहेत? आज दुपारी माती देणार. त्याला बघायला फोटो तरी हवा."

ख्रिस्ती घरांतून ही रीत होती. शवपेटी दिवाणखान्यात उघडी ठेवायची, घरची माणसं तिच्याभोवती उभी राहायची आणि एक फोटो काढायचा. परदेशात, बोटीवर असलेल्या माणसाला तेवढंच दर्शन. हिंदू फोटोग्राफर सहसा ह्या कामाला जायला कुरकुरायचे. मी जायचो. मात्र खरं सांगायचं तर, जायचो आणि बघायचो नाही. माझा कॅमेरा दोन भिंगांचा, पेटीसारखा. पोटाशी धरून वरून आत बघायचं. काचेवर चित्र छोटं दिसतं, शिवाय डावं उजवीकडे. त्यामुळे समोर माणूस मेलेलं आहे हे जरा लांब राहतं. मी फक्त डोकी मोजायचो. सगळी चौकटीत आली की बटण दाबायचं.

मयेच्या वाटेवर झाड आडवं पडलेलं होतं. पाडलं कुणी, हे विचारायचे दिवस नव्हते. स्कूटर अलीकडे ठेवून मी चालत गेलो.

लुर्दीनला पांढरा झगा घातला होता, लग्न न झालेल्या मुलीला घालतात तसा. डोक्यावर फुलांची चक्री. हातात जपमाळ. बायका गात होत्या. कार्मेलीनबाय पेटीच्या उशाशी उभी होती. मला बघून ती पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाब, डाव्या अंगाकडून काढ. उजव्या गालावर तिला तीळ होता, तो तिला आवडत नव्हता." एवढंच. मी डाव्या बाजूला स्टूल ठेवून त्यावर चढलो, नऊ डोकी मोजली, बटण दाबलं. फ्लॅश पडला. आवरून निघालो.

दोन दिवसांनी मी डार्करूममध्ये फोटो छापला. लाल दिव्याखाली कागद औषधाच्या पाण्यात हलवताना हळूहळू माणसं उमटतात. इनास उमटला, रुमालात तोंड घातलेला. शेजारणी उमटल्या. आणि पेटीच्या उशाशी कार्मेलीनबाय उमटली, लेकीच्या चेहऱ्याकडे बघत. ती हसत होती.

मी दिवा लावून पुन्हा बघितलं. तोंड वेडंवाकडं झालेलं नव्हतं, माणूस रडताना होतं तसं. ओठ मिटलेले, गाल वर गेलेले, डोळे बारीक. स्वच्छ हसू. मला पहिला विचार आला तो धंद्याचा, की फोटो बिघडला. दुसरं निगेटिव्ह नव्हतं. टचिंग करून ते हसू पुसावं असंही मनात आलं. पण लग्नसराईची कामं पडून होती, मी कंटाळा केला. इनासने फोटो नेला, पाकिटात घालून मिंगेलला पाठवला. मी विसरलो.

अडीच तीन महिन्यांनी एका दुपारी मिंगेल स्टुडिओत आला. हातात मोठी सूटकेस. तिच्यावर विमानाच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या. त्याने पाकिटातून तो फोटो काढून काउंटरवर ठेवला आणि आईच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं.

"हें काडून उडय," म्हणाला. हे काढून टाक.

"काय काढू?"

"हासू. तुला काढता येतं. आमच्या वाड्यावरच्या सगळ्यांचे व्रण तू काढलेस."

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. म्हणाला, "मी तिकडे उन्हात पाइप जोडत होतो, तिच्या ऑपरेशनसाठी. चार वर्षं. दर पत्रात आईला लिहायचो, थोडं थांब, होईल. आणि माझी बहीण पेटीत आहे आणि आई हसते. सुटली म्हणून हसते. तिच्या औषधांतून, रात्रीच्या जागरणांतून सुटली."

"असं नसेल रे."

"मग कसं? तू सांग. तू तिथं होतास."

मी तिथं होतो, आणि मी नऊ डोकी मोजली होती.

तो पुढे म्हणाला, "खोलीत आम्ही आठजण राहतो. फोटो बघून एकाने विचारलं, ही हसणारी बाई कोण? मी सांगितलं, शेजारीण."

हे बोलून मात्र तो बाकावर बसला. मी विचारलं, घरी केव्हा आलास? तेव्हा कळलं की तो घरी गेलाच नव्हता. विमानतळावरून थेट डिचोलीला उतरला होता. आधी मी फोटो दुरुस्त करून द्यायचा, मग तो घरी जाऊन भिंतीवर टांगणार होता. त्याशिवाय आईच्या समोर उभं राहता येणार नाही, असं त्याचं म्हणणं.

मी निगेटिव्ह शोधून काढलं. खरं सांगतो, मला ते काम सोपं वाटलं. हसू म्हणजे तरी काय, ओठांच्या कोपऱ्यातल्या दोन सावल्या आणि गालांवरच्या दोन घड्या. त्या भरल्या की संपलं. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवून मी भिंग डोळ्याला लावलं आणि ओठांचा डावा कोपरा भरायला घेतला. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. आठ दहा ठिपके भरले असतील. तेव्हा गालावर मला एक काळी रेघ दिसली. निगेटिव्हवर काळं म्हणजे खरं तर चकाकतं. फ्लॅशचा उजेड कशावर तरी चकाकला होता. दुसऱ्या गालावर पाहिलं, तिथेही तशीच रेघ, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत.

मी पेन्सिल खाली ठेवली. टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून भरलेले ठिपके पुसून टाकले. मिंगेलला म्हटलं, "आत ये."

डार्करूममध्ये मी गिऱ्हाइकाला कधी घेत नसे. त्या दिवशी घेतलं. एनलार्जर जाईल तितका वर चढवला आणि फक्त तिचा चेहरा मोठ्या कागदावर टाकला. कागद औषधात सोडला. आम्ही दोघे वाकून बघत उभे राहिलो. आधी डोक्यावरची काळी ओढणी आली. मग भुवया, मग डोळे. मग ओठ, हसलेले. आणि मग गालांवरून दोन्ही बाजूंनी वाहणारं पाणी, इतकं की गळ्याजवळ कापड भिजून चिकटलेलं होतं. फोटो दाणेदार आला होता, धुरातून बघितल्यासारखा. पण चूक नव्हती. ती बाई जितकी रडत होती तितकीच हसत होती. एक दुसऱ्याला पुसत नव्हतं.

इतकी वर्षं मी माणसांचे चेहरे हाताळले होते. असा चेहरा मी बघितला नव्हता. कागद वेळेत उचलायचा मी विसरलो आणि तो काळवंडत गेला, तेवढंच आठवतं.

मी त्याला स्कूटरवर घेऊन मयेला गेलो. सूटकेस पुढे पायाशी. कार्मेलीनबाय बालकांवात, म्हणजे घराच्या पुढच्या बसायच्या पडवीत, मिरच्यांची देठं काढत होती. सगळं अंग काळ्या कपड्यांत. मुलाला बघून ती उठली, तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. दोघं रडली. मी मयेच्या तळ्याच्या दिशेला तोंड करून उभा राहिलो. मग निघतो म्हटलं, तर मिंगेलने माझा हात धरला. त्याला एकट्याने विचारायचं धैर्य नसावं.

"माय," तो म्हणाला, "फोटोत तू हसतेस."

"आं?" ती म्हणाली. तिने तो फोटो बघितलाच नव्हता. त्याने दाखवला. तिने फोटो उजेडाकडे धरला आणि आधी लेकीवरून बोट फिरवलं. मग स्वतःकडे बघितलं. तिलाही नवल वाटलेलं दिसलं.

ती कोकणीत बोलली. मी मराठीत लिहितोय, जमेल तितकं तिच्याच शब्दांत.

"मला माहीत नव्हतं, बाहेरूनही दिसत होतं म्हणून," ती म्हणाली. "ऐक पुता. तुझी बहीण आजारी पडली तेव्हा मी देवावर इतकी रागावले की घरच्या अल्तारावरची त्याची तसबीर महिनाभर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तुम्ही लहान होता. मग परत फिरवली, पण राग होताच. आठ वर्षं मी मागितलं, हिला ठेव. त्याने ठेवली नाही. त्या दिवशी सकाळी तिला झगा घातला, जपमाळ बोटांत गुंडाळली. बोटं थंड. मी मनात म्हटलं, आता तुझं माझं काही राहिलं नाही, देवा. संपलं."

तिने मिरच्यांचं सूप बाजूला सारलं.

"आणि तो तिथं होता."

"कोण?" मिंगेलने विचारलं.

"तोच. कसा ते मला सांगता येत नाही. दिसलं काही नाही. ह्या बाबाने फोटो काढला, तेव्हाच्या आसपास. मला कळलं की तो खोलीत आहे आणि तो रडतोय. माझ्या लुर्दीनसाठी. मी जितकी रडतेय त्याच्यापेक्षा जास्त. आठ वर्षं मला वाटायचं, वर कुठंतरी बसून तो नाही म्हणतोय. आणि तो माझ्या घरात, माझ्या बाजूला. त्यानेही असंच मरण बघितलंय ना, क्रुसावर? आणि तिसऱ्या दिवशी परत उठला तो. त्याच्यापुढे मरण ते काय टिकणार? ती त्याच्याकडेच आहे. हे कळल्यावर मला काय झालं म्हणून सांगू. आनंद झाला, पुता. लाज वाटण्यासारखा आनंद झाला."

"मग दुःख?" मीच विचारलं. मला राहवलं नाही.

"दुःख तितकंच आहे, बाब. आजसुद्धा. पहाटे पेज दोघींची शिजवते अजून, मग आठवतं. पण विहीर खणताना कसं, चिरा फोडत गेलं की खाली पाणी लागतं. चिरा जातो का कुठं? चिरा तिथंच असतो. पाणीही असतं."

मिंगेल खाली मान घालून बसला होता. तसाच म्हणाला, "माय, मी तिकडे लोकांना सांगितलं, ही माझी शेजारीण."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता काही तरी तुटणार. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी गाल वर गेले. त्या क्षणी मी तिला कॅमेऱ्याशिवाय, सरळ, डाव्याचं उजवं न होता बघितलं.

"शेजारीण तर शेजारीण," ती म्हणाली. "शेजारणीनं शीत-कडी केलीय, भात निवेल. हात धुऊन ये. बाब, तूही."

आम्ही जेवलो. खारवलेल्या कैरीची फोड होती, ती अजून जिभेवर आहे. फोटो त्यांनी जसा होता तसा अल्ताराच्या, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याच्या, बाजूला टांगला. मिंगेल परत गेला, पुढे लग्न करून मुलांबाळांत रमला. त्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले. त्यातल्या एकाही निगेटिव्हला मी पेन्सिल लावली नाही, आणि नवरीकडच्या लोकांनी तक्रार केली की फोटोग्राफरने काम नीट केलं नाही. बाकी धंद्यात टचिंग मी शेवटपर्यंत केलं. पोट होतं. मात्र त्यानंतर मरणघरी गेलो की स्टुलावर चढायच्या आधी कॅमेरा बाजूला ठेवून एकदा समोर बघायचो. त्या आधी मी ज्या शंभरेक घरांतून नुसती डोकी मोजून परत आलो, तिथं काय काय घडत होतं ते मला कधीच कळणार नाही. ह्याची रुखरुख वाटते.

मी ख्रिस्ती झालो नाही. घरात आमच्या गावदेवी सातेरीचा प्रसाद लागतो, तुळशीला पाणी जातं. कार्मेलीनबायनेही मला कधी त्यावरून काही विचारलं नाही. बाजारात भेटली की माझ्या पिशवीत मूठभर भाजी जास्त टाकायची, इतकीच आमची ओळख.

स्टुडिओ बंद केल्यावर दोन वर्षांनी माझी बायको सुमन गेली. मला कसलाही आनंद वगैरे झाला नाही. खोटं कशाला लिहू? घरात माणसांची वर्दळ बारा तेरा दिवस होती, मग थांबली. त्यानंतरच्या एका दुपारी कार्मेलीनबाय आली. तेव्हा तिचं वय ऐंशीच्या घरात असेल. काठी टेकत, बसमधून उतरून बाजारातून चालत आलेली. ओसरीवर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. वाईट झालं, असंही म्हणाली नाही. जपमाळ काढली आणि ओठ हलवत बसली. अर्धा तास गेला असेल.

मला ते सहन होईना. मी जरा कडवटपणेच म्हटलं, "कार्मेलीनबाय, तुमचा देव माझ्याकडे कशाला येईल? मी त्याला कधी हाक मारलेली नाही."

तिने जपमाळेचा मणी बोटात धरून ठेवला. "तो हाकेची वाट बघत नाही, बाब," ती म्हणाली. "दुःख असतं तिथं तो येऊन बसतो."

आणि परत ओठ हलवू लागली. समोरच्या अंगणात ऊन होतं. मी कितीतरी दिवसांनी रडलो, आवाज न करता. तिने माझ्याकडे बघितलं नाही. हळूहळू माझा श्वास संथ झाला. ओसरीवर शांत होतं. ती शांतता मला रिकामी वाटली नाही, एवढंच मी सांगू शकतो. त्याहून जास्त सांगायला गेलो तर ते टचिंग होईल.

चारच्या सुमारास आतून सुनेने विचारलं, "बाबा, बाहेर किती जणं आहात? चहा ठेवते."

सोपा प्रश्न होता, डोकी मोजण्याचा. मला उत्तर द्यायला वेळ लागला.